ग्लास्टनबरी: आबा, तीन तिकिटं आणि सोळा खुंट्या

2027 च्या ग्लास्टनबरीला, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या मोठ्या संगीत महोत्सवाला, जायचंय, काय काय तयारी करू, असं मला आत्तापर्यंत चौघांनी विचारलंय आणि चौघांनाही मी फोनवर पाऊण-पाऊण तास पिळलंय. पाचवा फोन यायच्या आत लिहून टाकते.

यंदा, म्हणजे 2026 ला, हा महोत्सव नाही. तो भरतो ते रान साधारण पाच-सहा वर्षांनी एकदा पडीक ठेवतात. याआधी 2006, 2012 आणि 2018 ला ठेवलं होतं. (2020 आणि 2021 कोविडनं खाल्ली, ती वेगळी.) गेल्या वर्षी 25 ते 29 जून असे पाच दिवस आम्ही तिघं तिथे होतो: मी, माझा नवरा आणि कागल तालुक्यातून आलेले माझे वडील. आबा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. घरी चार म्हशी, तीन एचएफ जातीच्या गायी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. मोठ्या आवाजातल्या संगीताशी त्यांचा संबंध म्हणजे गणपतीत गल्लीत लागणारा डॉल्बी, आणि तो बंद करा म्हणून मंडळाच्या पोरांशी झालेली भांडणं.

मग त्यांना कशाला नेलं, असं आई अजून विचारते. आधीच्या दोन खेपांत लंडन दाखवून झालं होतं. दोन्ही खेपांत आबांचा प्रश्न एकच: "हितं गोठं कुठं असत्यात?" तिसऱ्यांदा टॉवर ब्रिज दाखवायची माझी हिंमत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच मला या जागेचं गणित कळलं. गाण्याच्या कार्यक्रमाला चाललोय असं समजून सामान भरलंत तर तुमचे हाल होणार. पाच दिवस दुसऱ्याच्या शेतावर मुक्कामाला चाललोय असं समजा, म्हणजे निम्मी तयारी आपोआप होते.

कारण ते शेतच आहे. सॉमरसेटमधलं पिल्टन नावाचं गाव, तिथलं वर्दी फार्म. (ग्लास्टनबरी शहर तिथून काही मैलांवर आहे, तिकडचं हॉटेल घेऊन 'चालत जाऊ' असं ठरवू नका.) मायकल ईव्हिस नावाच्या माणसाचा बाप 1954 मध्ये गेला, तेव्हा हा एकोणीस वर्षांचा, जहाजावर नोकरीला. ती सोडून तो गावी आला आणि दीडशे एकर रान नि साठ गायी गळ्यात पडल्या. 1970 च्या उन्हाळ्यात बाथ फेस्टिव्हल नावाच्या एका ब्लूज महोत्सवात त्यानं लेड झेपलिन हा रॉक बँड ऐकला आणि त्याच्या डोक्यात आलं की हे आपल्याही रानात करावं, चार पैसे मिळतील, डोक्यावरचं कर्ज तरी हलकं होईल. 19 सप्टेंबर 1970 ला पहिला कार्यक्रम झाला. तिकीट एक पौंड, त्यात शेतावरचं दूध फुकट. दीड हजार लोक आले.

हे मी आबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग फिटलं का कर्ज?"

"नाही आबा. उलट तोटा झाला."

"मग बरोबर हाय. शेतकरीच त्यो." आणि यायला तयार झाले.

आता तिथे सगळे मिळून दोन लाखांच्या वर माणसं असतात. कारभार ईव्हिसची मुलगी एमिली बघते, म्हाताऱ्याला 2024 मध्ये 'सर' हा किताब मिळाला, पण दूध अजून निघतंय.

तिकिटाचं आधी. या सगळ्या उद्योगातलं सर्वांत अवघड काम हेच, आणि ते आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात असतं. आधी प्रत्येकाला फोटोसकट नोंदणी करावी लागते. ही नोंदणी विक्रीच्या काही दिवस आधी बंद होते, तेव्हा आळस करू नका. उन्हाळ्यातच करून टाका. भारतातला माणूसही नोंदणी करू शकतो. तिकिटावर तोच फोटो छापून येतो, त्यामुळे 'नंतर कुणाला तरी देऊन टाकू' हा आपला नेहमीचा मार्ग बंद. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही.

विक्री दोनदा होते. गुरुवारी संध्याकाळी सहाला कोचसकटची तिकिटं, म्हणजे तुमच्या शहरातून बस आणि प्रवेश एकत्र. रविवारी सकाळी नऊला नुसती तिकिटं. एका वेळी सहा जणांची काढता येतात. आमच्या वेळी रविवारची तिकिटं साधारण अर्ध्या-पाऊण तासात संपली. पूर्वी लोक पान सारखं सारखं रिफ्रेश करत बसायचे. आमच्या वर्षीपासून रांगेतला नंबर चिठ्ठीसारखा कसाही लागतो, त्यामुळे रिफ्रेश करून काही उपयोग नाही, उलट नंबर जातो. आम्ही गुरुवारची खिंड लढवली. मी, नवरा आणि लीड्सला असलेला माझा दीर, तिघंही आपापल्या घरी लॅपटॉप उघडून बसलो. सगळ्यांचे नोंदणी क्रमांक एका कागदावर लिहिलेले. सहा वाजून वीस मिनिटांनी दिराचा नंबर लागला. तो स्वतः येणारच नव्हता! त्याला मी अजून पुरणपोळ्या देणं लागते.

2025 चं तिकीट 373 पौंड 50 पेन्स, वर बुकिंगचे पाच. कोचचे वेगळे. नोव्हेंबरात माणशी 75 पौंड अनामत भरायची आणि बाकीचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ही व्यवस्था आमच्या फार कामाला आली, कारण मधल्या काळात आबांचा व्हिसा व्हायचा होता. ज्यांना बाकीचे भरता येत नाहीत त्यांची तिकिटं एप्रिलात पुन्हा विकायला निघतात. नोव्हेंबरात हुकलं तर तो दुसरा डाव आहे, पण तोही काही मिनिटांचाच खेळ.

रुपयांत ही रक्कम चाळीस हजारांच्या वर जाते. आबांना मी आठ हजार सांगितलं होतं. त्या आठ हजारांवरही ते दोन दिवस गप्प होते. खरा आकडा नवऱ्याच्या तोंडून कोचमध्ये सुटला, चेल्टनमच्या आसपास. आबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "बाराशे लिटर," म्हणाले. "गाईचं." मग ब्रिस्टल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

कोचचंच तिकीट घ्या, हा माझा आग्रह आहे. आम्ही बर्मिंगहॅमहून निघालो. प्रवेशाचं तिकीट कोचमध्ये चढतानाच हातात मिळतं, आणि उतरल्यावर चालत गेट. गाडी घेऊन जाणाऱ्यांचा येतानाचा त्रास एक वेळ ठीक, पण सोमवारी तंबू मोडून, पाच रात्रींची झोप डोळ्यांवर घेऊन, ऊन तापत असताना पार्किंगच्या शेतात तासन् तास अडकणं मला तरी झेपलं नसतं. रेल्वेनं यायचं तर लंडनच्या पॅडिंग्टनहून कॅसल केरी स्टेशनला या. तिथून महोत्सवापर्यंत बस फुकट असते. तोही चांगला मार्ग, फक्त सामान आवरतं हवं.

सामान! चाकांची बॅग आणू नका. आमच्या पुढे एक जोडपं होतं, विमानतळावर असते तसली टणक बॅग घेऊन. गेटपासून पन्नास पावलांवर तिचं एक चाक निखळलं आणि पुढचा सगळा चढ त्या दोघांनी ती मयत न्यावी तशी उचलून नेली. गेटपासून तंबूच्या जागेपर्यंत आम्हाला पाऊण तास लागला, आणि आमच्याकडे पाठीवरच्या पिशव्या होत्या.

बुधवारी सकाळी आठला गेट उघडतात आणि चांगल्या जागा दुपारपर्यंत जातात. गाणी खरी सुरू होतात शुक्रवारी, म्हणून काही जण 'शुक्रवारी सकाळी जाऊ' म्हणतात. त्यांचे तंबू मग संडासाला लागून असतात. बुधवारीच जा.

जागा कुठली? इथे आबा खुलले. नकाशावर प्रत्येक शेताला नाव आहे: बिग ग्राउंड, रो मीड, किडनी मीड, बुशी ग्राउंड, पेनार्ड हिल. मी नावं वाचत होते आणि ते मान डोलवत होते. आमच्याकडेही तसंच आहे की. माळाचं, ओढ्याकडचं, बाभळीचं, आक्काचं. "आपल्याला बिग घे," म्हणाले. पेनार्ड हिलवर तरणी पोरं रात्रभर जागतात, तुम्ही पंचविशीचे असाल तर तिकडेच जा. बिग ग्राउंड पिरॅमिड स्टेजच्या, म्हणजे मुख्य स्टेजच्या, वरच्या अंगाला आहे; तंबूसमोर बसून स्टेज दिसतं, त्यामुळे पाय दुखणाऱ्या माणसाची सोय होते. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी कॉकमिल मेडो आणि विकेट ग्राउंड ही शेतं राखलेली आहेत.

आबांनी पहिलं काम काय केलं, तर ढेकूळ उचलून चुरगाळून बघितलं. "चिकण हाय. पानी धरनार. पाऊस लागला तर हितं बैल रुतंल." 2016 ला इथे झालेल्या चिखलाचे फोटो मी पाहिले होते, त्यात बैलच काय, ट्रॅक्टरही रुतले असते. आमच्या वर्षी उलट ऊन. जून अखेर, सावलीला झाडं मोजकी, टोपी विसरलेला माझा नवरा शनिवारपर्यंत भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. तेव्हा गमबूट आणि उन्हाची टोपी, दोन्ही न्या. हवामान बघून एक घरी ठेवू, असं करू नका.

तंबूची आमची फजिती आमच्याच मूर्खपणानं झाली. दुकानात 'चार माणसांचा' लिहिलेला तंबू घेतला. चार माणसं त्यात मावतात, हे खरं. मुंबईच्या लोकलमध्ये मावतात तशी. लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करा, तेवढीच माणसं सामानासकट झोपतात. शिवाय त्याबरोबर मिळालेल्या लोखंडी खुंट्या उदबत्तीच्या काडीएवढ्या. वाळलेल्या चिकण मातीत पहिलीच वाकली. आबांनी सगळ्या बाजूला ठेवल्या, शेजारच्या पोरांकडून हातोडा मागून आणला, एकेक सरळ केली आणि तिरकी, तंबूच्या बाहेरच्या बाजूला डोकं करून ठोकली. सोळा. दोऱ्यांना मारलेली गाठ दाव्याची होती, ओढलं की आवळणारी. गुरुवारी रात्री वारा सुटला तेव्हा शेजारचे दोन तंबू बसले, आमचा हलला नाही. त्यानंतर ती शेजारची पोरं आबांना 'सर' म्हणायला लागली.

आता संडास. मराठी माणसाच्या मनातला पहिला प्रश्न हाच असतो आणि तो कुणी विचारत नाही. तिथे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक 'लाँग ड्रॉप': उंच चौथऱ्यावर उघड्या छताच्या खोल्या, खाली एकच लांबलचक खड्डा. नाव सार्थ आहे. खाली बघू नये. दुसरा कंपोस्टचा, त्यात काम झाल्यावर मगभर लाकडाचा भुसा टाकायचा. कंपोस्टवाला शोधा, त्याला वास कमी. आबांनी भुशाचा मग बघून पसंतीची मान हलवली, "खत चांगलं व्हईल." पाण्याची सोय आपली आपण करायची. दाबून धार येणारी मऊ प्लास्टिकची बाटली प्रत्येकाला एक, वर नाव घालून. ही या लेखातली सर्वांत मोलाची ओळ समजा. सकाळी साडेपाचला गेलात तर सगळं स्वच्छ आणि रांग शून्य. आबांना ती सवय जन्माची, आम्हाला चौथ्या दिवशी लागली.

आणि बाप्यांसाठी: कुंपणाला उभे राहू नका. जागोजागी पाट्या आहेत आणि त्याला कारण आहे. शेतातून व्हाइटलेक नावाची छोटी नदी वाहते. 2019 च्या महोत्सवाच्या वेळी बँगर विद्यापीठाच्या लोकांनी तिच्या पाण्याचे नमुने घेतले होते, तर त्यात नशेच्या गोळ्यांचे आणि कोकेनचे अंश सापडले, लोकांच्या लघवीतून आलेले, तिथल्या दुर्मिळ ईल माशांना त्रास होईल इतके. हे नवऱ्यानं आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही यानंच ते केलं.

अंघोळीचं थोडक्यात: विसरा. ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संघटनेच्या शेतात गरम पाण्याची सोय असते, रांग मोठी असते. आम्ही ओल्या टॉवेलवर भागवलं.

खाण्यावर मी वाद घालायला तयार आहे. लोक सांगतात, सामान नेऊ नका, तिथे शेकडो स्टॉल आहेत. आहेत, आणि बरेचसे चांगलेही आहेत. काही स्टॉलवर सहा पौंडांत पोटाला आधार होईल असं काहीतरी मिळतं, ती पाटी शोधत राहायची. पण माणशी दिवसाला तीस-पस्तीस पौंड सहज जातात. मी दशम्या नेल्या होत्या, दुधातल्या, तीसेक. शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, चिवडा, आणि आईनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं. हे लोणचं काचेच्या बरणीत होतं आणि काच आत चालत नाही. आदल्या रात्री बारा वाजता डब्यात काढलं. शनिवारपर्यंत सकाळची न्याहारी तंबूतच झाली. एका 'इंडियन' म्हणवणाऱ्या स्टॉलवर मात्र आम्ही फसलो. चण्याची भाजी म्हणून जे आलं त्यात साखर होती, आणि बारा पौंड. आबांनी ते न बोलता संपवलं, टाकायचं नाही म्हणून, आणि नंतर खिशातल्या कागदाच्या पुडीतलं तिखट जिभेवर ठेवलं. पाणी फुकट आहे, नळ भरपूर. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथे 2019 पासून विकायलाच बंदी, तेव्हा घरून बाटली न्या.

तर गाणी. हो, गाणीही असतात.

नवऱ्यानं एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं होतं, रंग देऊन. एकतीस नावं. त्यातली त्यानं नऊ ऐकली. कारण पिरॅमिडपासून वरच्या पार्क स्टेजपर्यंत गर्दीतून अर्धा तास, तिथून वेस्ट होल्ट्स स्टेजला आणखी वीस-पंचवीस मिनिटं, आणि मध्ये कुणाला तरी संडासला जायचं असतं. दिवसाला तीन ठरवा. चौथं मिळालं तर देवाचं देणं. वेळापत्रकात कधीकधी अनोळखी किंवा 'टीबीए' (म्हणजे नंतर जाहीर करू) असं नाव दिसतं, तिथे लक्ष ठेवा. आमच्या वर्षी शनिवारी पिरॅमिडवर 'पॅचवर्क' असं एक कुणालाच माहीत नसलेलं नाव होतं, आणि निघाला तो पल्प हा गाजलेला बँड. नवरा तेव्हा दुसऱ्या टोकाला एक्सेलप्रमाणे वागत होता. अजून त्या विषयावर बोलत नाही.

रात्रीचे मोठे तीन होते शुक्रवारी द 1975, शनिवारी नील यंग आणि रविवारी ऑलिव्हिया रॉड्रिगो. शुक्रवारचे आम्ही तंबूसमोर सतरंजीवर बसून बघितले. नील यंगला खाली गर्दीत गेलो, आणि आबांसाठी नेलेले कानातले बोळे उपयोगी पडले ते मला. आबा म्हणाले, "डॉल्बीगत न्हाई हे. त्यो कानात शिरतोय, ह्यो छातीत वाजतोय." एवढ्या आवाजातही शब्द न् शब्द सुटा येत होता हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मंडळाच्या पोरांना हे दाखवायला पाहिजे असं ते दोनदा म्हणाले.

पण त्यांचा कार्यक्रम रविवारचा. पावणेचारला रॉड स्टुअर्ट. इथे रविवारी दुपारी एका जुन्याजाणत्या कलाकाराला बोलावायची रीत आहे आणि त्याला तुफान गर्दी लोटते, आजीपासून नातवापर्यंत. ऐंशी वर्षांचा माणूस, चकचकीत कोट घालून दीड तास उभा. आबांना एकही गाणं कळलं नाही, पण ते दीड तास बसले नाहीत. "त्यो उभा हाय तवर मीबी हाय," म्हणाले. जवळच्या एका बाईंनी त्यांना नाचायला ओढलं तेव्हा त्यांनी भजनी मंडळात टाळ घेऊन टाकतात तशी दोन पावलं टाकली. मी व्हिडिओ काढला आहे, आईला दाखवलेला नाही.

नवरा एकदा म्हणाला, वारीच आहे ही. आबा म्हणाले, "वारीला तिकीट न्हाई." विषय संपला.

गाण्यांपेक्षा मी म्हणेन, एक अख्खी सकाळ ग्रीन फील्ड्सला ठेवा. तिथे हस्तकलेची शेतं आहेत, विणकाम, लाकूडकाम, दगडकाम, आणि आबांना सापडला तो लोहार. भाता, ऐरण, सगळं. तो शिकणाऱ्यांकडून लोखंडाचा आकडा करून घेत होता. आबा तास-दीड तास उभे. मधेच एका मुलीचा घाव चुकत होता तर यांनी हवेत हात फिरवून दाखवलं, मनगट सैल सोड, असं. लोहारानं बघितलं आणि सांडस यांच्याच हातात दिली. भाषेची अडचण आली ती फक्त आम्हाला, मध्ये पडलो तेव्हा.

वर टेकाडावर दगडांचं रिंगण आहे, सूर्योदय बघायला लोक जमतात. आबांनी चप्पल काढून नमस्कार केला. मग मी पाटी वाचल्याचा मूर्खपणा केला: 1992. "म्हंजे तू पैलीत का दुसरीत होतीस," असं म्हणून त्यांनी चप्पल घातली.

गायी मात्र दिसल्या नाहीत. महोत्सवाच्या दिवसांत त्या गोठ्यातच असतात, लोकांना तिकडे जाता येत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं, कारण मग ते आलेच नसते. शनिवारी पहाटे मी उठले तर आबा तंबूबाहेर उभे, नाक वर. वारा फिरला होता. "मुरघास," म्हणाले. गायींचा मुरवलेला चारा. "हाईत इथंच."

त्या दिवशी मी त्यांना पिरॅमिडची गोष्ट सांगितली. स्टेज आज दिसतं ते 2000 सालचं. त्याआधीचं 1981 ला बांधलं होतं, टेलिफोनचे खांब आणि लष्कराचे भंगारातले पत्रे वापरून, आणि हिवाळ्यात त्यात गायी बांधायचे, चारा ठेवायचे. 1994 ला महोत्सवाच्या थोडं आधी ते जळालं. आबांनी स्टेजकडे पुन्हा एकदा, खालून वर, नीट बघितलं. "पावसाळ्यात आपल्याला असलं एक पाहिजे," म्हणाले.

तर जावं का? वयस्कर आई-वडिलांना न्यावं का? चालणारे असतील, पहाटे उठणारे असतील आणि बाहेर संडासला जायला कुरकुर करत नसतील तर निःसंशय न्या. गुडघ्याचं दुखणं असेल तर नको, चढउतार आहे आणि बसायला खुर्च्या नाहीत. ज्यांना एकाच कलाकाराला ऐकायचंय त्यांनी त्याच्या स्वतंत्र कार्यक्रमाला जावं, पैसे वाचतील. झोपेच्या बाबतीत हळव्या माणसानं घरी टीव्हीवर बघावं, बीबीसी बरंच दाखवतं. मी स्वतः 2027 साठी प्रयत्न करणार. नवरा म्हणतो, एक्सेल सुधारतो.

सोमवारची एक गोष्ट राहिली. आमचा कोच अकराचा होता. नऊला तंबू पाडला, घडी घातली, आणि आबा खुंट्या मोजायला बसले. पंधरा.

मी म्हटलं, "आबा, जाऊ दे. चार आण्याची खुंटी."

त्यांनी ऐकलं नाही. गुडघ्यांवर बसले आणि तळहातानं गवत चाचपडायला लागले, वीत वीत. मला तेव्हा आठवलं. मी नववीत असताना आमच्या गौरी गाईनं चाऱ्यातून तारेचा तुकडा खाल्ला होता. आठ दिवस ती पाठ कमानीसारखी करून उभी असायची, बसायची नाही, दूध तुटलं. डॉक्टर आले तोवर तार काळजाकडे सरकली होती. इथले लोकही हे जाणतात. महोत्सव उठला की ट्रॅक्टरला लोहचुंबक लावून ही सगळी शेतं फिरवतात, खुंट्या नि पत्र्याचे तुकडे वेचायला, आणि मगच रान गायींना मोकळं होतं. हे मी आबांना सांगितलं. "चुंबकाला काय मोजता येतंय व्हय," ते म्हणाले आणि पुढच्या वितीला गेले.

साडेनऊ. पावणेदहा. नवरा घड्याळ दाखवतोय, आजूबाजूला अर्धवट पडलेले तंबू, कुणाच्या तरी खुर्च्या तशाच. शेजारची पोरं आली, "सर, काय हरवलं?" मी सांगितलं. तीही बसली, चौघं, रांगेत. सापडली शेवटी, दोरीच्या जागेपासून हातभर लांब, मातीत डोक्यापर्यंत गेलेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग ती पोरं आपल्या तंबूकडे गेली आणि मी बघितलं, त्यातला एक जण खाली वाकून मोजत होता.

कोच मिळाला. घरी येऊन बुधवारी आबांची पँट मशीनमध्ये टाकली तर आत खडखडायला लागलं. बंद करून खिसा उपसला. दोन खुंट्या निघाल्या, गंजक्या, जाड, आमच्या नव्हेत.